जुन्या जेसीडी फायलींतून नवे दागिने: फोंड्यातल्या कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

गोव्यात फोंड्यातल्या दागिन्यांच्या कारखान्यात पडून असलेली जुनी डिझाइनं आजच्या थ्रीडी प्रिंटरवर आणि कास्टिंगला (धातू साच्यात ओतायला) चालतील अशा रूपात आणायची, हे काम. त्यातल्या तीन वस्तू चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) हातात हव्यात: पेचाचं कडं, मोत्यांच्या कुड्या आणि अंबाड्यात माळायचं शेवंतीचं फूल. चवथ ७ सप्टेंबरला आहे.

फायली तीन जातींच्या, डिझाइन करायच्या तीन वेगळ्या सॉफ्टवेअरच्या. बहुतेक सगळ्या ज्वेलकॅड ५.१ च्या जेसीडी, काही राइनो ४ च्या थ्रीडीएम आणि थोड्या आर्टकॅम ज्वेलस्मिथच्या एआरटी. राइनोची काळजी नाही, नवा राइनो जुन्या थ्रीडीएम उघडतो. आर्टकॅम मूळ डेलकॅमचं. २०१४ मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेलं आणि २०१८ मध्ये बंद झालं, पण कार्व्हेको नावाचं सॉफ्टवेअर एआरटी फाइल उघडतं. खरा पेच जेसीडीचा. हाँगकाँगच्या ज्वेलकॅडच्या घराण्याबाहेर ती फाइल कुठेच उघडत नाही, आणि ते सॉफ्टवेअर डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय चालू होत नाही. इथला डोंगल पॅरलल पोर्टचा आहे. तो गेला की फायली असून नसल्यासारख्या. म्हणून पहिलं काम फायली बाहेर काढायचं, डिझाइनला हात नंतर.

५ जून

जुना संगणक लगेच चालू केला नाही. बरीच वर्षं बंद असलेली हार्ड डिस्क शेवटची म्हणून एकदाच फिरते, असं होऊ शकतं. आधी डिस्क काढून आयडीई ते यूएसबी अडॅप्टरवर लावली आणि लिनक्समधून डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रतिमा घेतली. साध्या कॉपीपेक्षा हे बरं, कारण खराब सेक्टर लागला तर ते तिथे अडून न बसता पुढे जातं आणि अवघड जागांकडे नंतर परत येतं. सोबतची मॅप फाइल जपून ठेवायची. मध्येच वीज गेली तर काम तिथूनच पुढे सुरू होतं. पावसाळ्याच्या तोंडावर हे महत्त्वाचं.

मग पेटी उघडली. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का ते पाहिलं, रॅमच्या पट्ट्यांचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले (गोव्याच्या दमट हवेत त्यांवर हिरवट थर चढतो) आणि सीआर२०३२ बॅटरी बदलली. बॅटरी मेलेली असली की घड्याळ मागे जातं, नव्या फायलींवर चुकीच्या तारखा पडतात आणि काही परवाना-प्रणाली मागची तारीख पाहून सॉफ्टवेअर उघडायलाच नकार देतात. डोंगलच्या पिनाही त्याच अल्कोहोलने पुसून घेतल्या.

१० जून

डिस्कच्या प्रतिमेवरून व्हर्च्युअल बॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा कृत्रिम संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं विंडोज एक्सपी उभं केलं. डिस्क साटा कंट्रोलरवर जोडली तर एक्सपी निळ्या पडद्यावर ०x७बी देऊन थांबतं, कारण त्याच्याकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो. कंट्रोलर आयडीई निवडला की सुरळीत चालतं. राइनो ४ ला डोंगल लागत नाही, तो या कृत्रिम यंत्रात व्यवस्थित चालतो.

ज्वेलकॅडचं तसं नाही. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल डोंगलला चालत नाही. ती फक्त प्रिंटरशी बोलण्यापुरती बनवलेली असते. डोंगलला पोर्टच्या प्रत्येक पिनेवर थेट ताबा लागतो. यूएसबी डोंगल असता तर तो व्हर्च्युअल यंत्राला सरळ जोडता आला असता. इथे मूळ संगणकच वापरायचा ठरलं.

तो संगणक इंटरनेटला जोडायचा नाही. एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ लाच थांबल्या. फायलींची ने-आण एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून, आणि ती ड्राइव्ह दर वेळी दुसऱ्या संगणकावर तपासून.

फोल्डरांची नावं देवनागरीत ठेवली तर जुनं सॉफ्टवेअर तिथे प्रश्नचिन्हं दाखवतं आणि फाइल सापडत नाही म्हणतं. जुन्या यंत्रावर नावं छोटी, रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. देवनागरी नावांची वही वेगळी.

१४ जून

बाहेर काढायची पद्धत ठरली. प्रत्येक जेसीडीमागे चार गोष्टी काढायच्या: धातूच्या पृष्ठभागांची आयजीएस (वक्र पृष्ठभाग जसेच्या तसे नेणारी फाइल), धातूची एसटीएल (प्रिंटरला द्यायची फाइल), फक्त खड्यांची वेगळी एसटीएल आणि तीन बाजूंची चित्रं. नुसत्या एसटीएलवर भागत नाही, ती त्रिकोणांची जाळी असते आणि पुढे प्रॉन्ग (खडा धरणारा धातूचा दात) जाड करायचा म्हटलं तर हाताला काही लागत नाही. नुसत्या आयजीएसवरही भागत नाही, कारण तीत पृष्ठभाग सुटे येतात आणि ते एकमेकांना शिवावे लागतात.

काढण्याआधी बूलियन (आकारांची बेरीज-वजाबाकी) सोडवून घ्यायचं. ज्वेलकॅडमध्ये एकमेकांतून वजा केलेले भाग मागे नेऊन मूळ रूपात आणता येतात, ही त्याची मोठी सोय. खड्याची खोबणी कापणारा भाग असा सुटा मिळाला की नव्या राइनोत तीच वजाबाकी स्वच्छ करता येते.

आयजीएस राइनोत घेताना टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) ०.००१ मिमी ठेवलं. जॉइन केल्यावर शो-एजेसमध्ये उघड्या कडा गुलाबी दिसतात. कड्याच्या पट्टीत आणि वेलबुट्टीत ०.००५ ते ०.०२ मिमीच्या फटी निघाल्या. टॉलरन्स सैल करून त्या दडपण्याचा मोह होतो. तसं केलं की जॉइन होतं, पण पुढे बूलियन फसतं आणि का फसलं ते कळत नाही. ज्या पृष्ठभागाची कड चुकली आहे तो कापून त्याच वक्रांवरून पुन्हा ओढणं जास्त वेळ घेतं, तरी तेच करावं.

एसटीएलच्या बारकाईचा हिशेब एकदा मांडून ठेवला. वर्तुळाचे ६४ भाग पाडले तर १ मिमी त्रिज्येच्या प्रॉन्गवर चूक ०.००१ मिमीच्या आसपास, म्हणजे नगण्य. तेच ६४ भाग कड्याच्या आतल्या वर्तुळावर, त्रिज्या ३०.१६ मिमी, पाडले तर चूक ०.०३६ मिमी आणि प्रत्येक सपाट तुकडा जवळजवळ ३ मिमी लांब. जिलई दिल्यावर हे पैलू आरशासारखे चमकून दिसतात. चूक ०.०१ मिमीच्या आत ठेवायला तिथे १२२ भाग लागतात. म्हणून बारकाई भागांच्या संख्येने न ठरवता जास्तीत जास्त अंतराने ठरवायची, ०.०१ मिमी. बायनरी एसटीएलला दर त्रिकोणामागे ५० बाइट लागतात. दोन लाख त्रिकोणांची फाइल १० एमबी होते. एवढी फाइल आजच्या स्लायसरला (प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) जड नाही.

२१ जून

या प्रकल्पातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आज हाती लागली, म्हणून सविस्तर.

एसटीएलमध्ये एकक लिहिलेलं नसतं. आणि जुन्या फायलींत, जेसीडीतही, मॉडेल खऱ्या मापाचं आहे की आकुंचन धरून मोठं केलेलं आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. पूर्वी डिझाइनवरून चांदीचा मास्टर (मूळ नमुना) व्हायचा, त्यावरून रबर मोल्ड, त्यात मेण भरून नग निघायचे. व्हल्कनाइज्ड रबर आक्रसतं, मेण आक्रसतं, धातू आक्रसतो, मिळून ५ ते ६ टक्के. तेवढं मॉडेल आधीच मोठं करून ठेवायचे. आज प्रिंटच सरळ कास्टिंगला जातो, रबराची पायरी नाही. जुनी फाइल तशीच पाठवली तर वस्तू मोठी निघते.

मोठी म्हणजे किती, ते वजनात पाहावं. लांबी १.०५५ पट असेल तर घनफळ १.१७४ पट. २४ ग्रॅमचं कडं २८ ग्रॅमचं होतं. २२ कॅरेटमध्ये चार ग्रॅम म्हणजे गिऱ्हाइकाशी ठरलेला सगळा हिशेब मोडला.

फाइल फुगवलेली आहे हे ओळखायचं कसं? आकारावरून नाही. कड्याचा आतला व्यास ६३.६४ मिमी भरला. बांगडीची मापं इंच-आण्यांत: २.६ म्हणजे २ पूर्णांक ६/१६ इंच, ६०.३ मिमी, २.८ म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिमी. पाहणाऱ्याला हे सरळ २.८ चं कडं वाटतं. पण ६०.३२ ला १.०५५ ने गुणलं तर बरोबर ६३.६४ येतात. साडेपाच टक्के फुगवलेलं २.६ आणि खरं २.८ यांत फरक उरतो फक्त ०.१४ मिमी. व्यासावर विसंबलं की इथे हमखास फसगत.

खडे मात्र खोटं बोलत नाहीत. अमेरिकन डायमंड गोल खडे बाजारात १.२५, १.५०, १.७५, २.०० अशा ठरलेल्या मापांत मिळतात. फाइलमधल्या खड्यांच्या कमरेवर (सगळ्यांत रुंद कडेवर) राइनोत वर्तुळं बसवून मापली: १.३२, १.५८, २.११. अशी मापं कोणी विकत नाही. १.०५५ ने भागलं की १.२५, १.५०, २.०० येतात. तिन्ही मापांना एकच गुणक लागला, म्हणजे फाइल ५.५ टक्क्यांनी फुगवलेली, यात शंका नाही. एकाच खड्यावरून निकाल देऊ नये, निदान दोन वेगळी मापं जुळायला हवीत. खड्यांची एसटीएल वेगळी काढण्याचं कारण हेच.

खडे नसतील तर अंगठीत दुसरा मार्ग आहे. आपल्याकडच्या अंगठीच्या नंबरात ४० मिळवले की आतला घेर मिमीमध्ये येतो. १४ नंबरला ५४ मिमी, म्हणजे व्यास १७.२. फाइलमधला व्यास १८.१ असेल तर तो फुगवलेला १४ किंवा खरा १७, दोन्ही असू शकतात. इथेही एक दुजोरा हवाच: तारेची जाडी, मोत्याची दांडी, काहीतरी प्रमाणित माप.

पुढच्या सगळ्या फायलींच्या नावात शेवटी गुणक घालायचा: ०० म्हणजे खरं माप, ५५ म्हणजे ५.५ टक्के. संग्रहात फक्त ०० ची प्रत राहील. आकुंचन प्रिंटच्या वेळी स्लायसरमध्ये घालायचं, मॉडेलमध्ये कधीही नाही.

१ जुलै

आपल्या प्रिंटरचा आणि आपल्या कास्टिंगचा गुणक काढला. २०.०० मिमीची पट्टी कास्टेबल रेझिनमध्ये (साच्यात जळून जाणाऱ्या रेझिनमध्ये) छापली. प्रिंट १९.९५ भरला, चांदीत ओतल्यावर १९.६६. म्हणजे प्रिंटरची चूक पाव टक्का, कास्टिंगचं आकुंचन १.४५ टक्के, एकूण गुणक २० भागिले १९.६६, म्हणजे १.०१७३. दोन्ही मापं वेगळी घेतली पाहिजेत. नुसती शेवटची पट्टी मापली तर उद्या प्रिंटर बदलल्यावर कुठला आकडा बदलायचा ते कळत नाही.

९ जुलै

पाऊस धो धो, आणि त्याचा त्रास पावडरला. इन्व्हेस्टमेंट पावडर (साच्याच्या प्लास्टरची) हवेतला ओलावा शोषते. पिशवी उघडल्यावर उरलेली हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. तपासायची सोपी रीत: १०० ग्रॅम पावडर, ४० मिली पाणी, कालवून वरची चकाकी किती वेळाने जाते ते पाहायचं. चांगल्या पावडरीत १२ ते १५ मिनिटं. त्यात मोठा फरक पडला तर ती पावडर फ्लास्कात (साचा भरायच्या नळकांड्यात) घालायची नाही. पाण्याचं तापमानही यात येतं. इथलं पाणी पावसाळ्यातही कोमट असतं आणि कोमट पाण्यात मिश्रण लवकर घट्ट होऊ लागतं. डिस्टिल्ड पाणी फ्रीजमध्ये ठेवून २२ अंशांवर आणून वापरलं.

रेझिनचा प्रिंट अल्कोहोलमध्ये दोनदा धुवायचा, वाळवायचा, मग पूर्ण क्युअर (प्रकाशाने कडक) करायचा. खाचांत चिकट रेझिन राहिलं तर त्याला लागलेलं प्लास्टर नीट आवळत नाही आणि धातूवर तिथे खरखरीत फोड येतात. खड्यांच्या खोबण्या मऊ ब्रशने धुतल्याच पाहिजेत.

बर्नआउटही (भट्टीत साच्यातला प्रिंट जाळून टाकणं) मेणापेक्षा हळू. मेण वितळून वाहून जातं; रेझिन आधी फुगतं आणि मग जळतं. तापमान भराभर चढवलं तर प्लास्टर आतून तडकतं आणि धातूला पंखासारख्या कडा येतात. शेवटचा टप्पा ७३० अंश, त्यावर नाही. जिप्समच्या प्लास्टरला याहून जास्त उष्णता दिली आणि आत कार्बन उरला असेल तर गंधकाचा वायू सुटतो, धातूत बारीक छिद्रं पडतात. भट्टी चालू असताना वीज गेली की सगळंच बिघडतं, म्हणून फ्लास्क भट्टीत ठेवायच्या आधी जनरेटरचं डिझेल पाहायचं.

१७ जुलै

कडं. फुगवलेलं मॉडेल १.०५५ ने भागून खऱ्या मापावर आणलं. मग मापं एकेक तपासली, कारण सगळं एकाच गुणकाने आक्रसलं तरी सगळंच चालण्याजोगं राहतं असं नाही. प्रॉन्ग ०.९५ चा ०.९० झाला. जिलईत प्रत्येक बाजूने थोडं जातंच, आणि २२ कॅरेट मऊ. प्रॉन्ग पुन्हा ०.९५ केला. पट्टीची जाडी १.४० ठेवली.

जुन्या डिझाइनमध्ये हॉलमार्कला जागा नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख-क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ आणि एचयूआयडी लेझरने उमटवायला गुळगुळीत जागा लागते. पेचाजवळ आतल्या बाजूला सपाट पट्टी ठेवली आणि जाळीची नक्षी तिथे थांबवली.

कडं दोन अर्ध्या भागांत कास्ट होतं. अर्धवर्तुळ थंड होताना टोकं आतबाहेर सरकतात आणि बिजागरीच्या नळ्या जुळत नाहीत. दोन्ही टोकांना जोडणारी २ मिमीची दांडी मॉडेलमध्येच घातली. ती कास्टिंगनंतर कापायची. स्प्रू (धातू आत यायची वाट) जाड भागावर, नक्षीवर नाही.

२६ जुलै

चांदीतलं चाचणी-कडं. सॉफ्टवेअरने घनफळ १३५० घन मिमी दिलं. ९२.५ चांदीची घनता १०.३६ धरून वजन १४.० ग्रॅम यायला हवं होतं, घासून-पुसून १३.८ आलं. २२ कॅरेटची घनता १७.७ धरली तर चांदीच्या वजनाला १.७१ ने गुणायचं, म्हणजे सुमारे २३.६ ग्रॅम. अंदाजाच्या जवळ.

आतला व्यास ६०.६ भरला, हवा होता ६०.३. कारण गुणक सरळ पट्टीवरून काढलेला. पट्टी मोकळी आक्रसते. कड्याच्या कमानीत आणि दांडीत अडकलेलं प्लास्टर धातूला आत येऊ देत नाही. मग आतून जिलई दिल्यावर आणखी थोडं वाढतं. पूर्ण मॉडेल लहान केलं तर खोबण्याही लहान होतील आणि खडे बसणार नाहीत. फक्त पट्टीची त्रिज्या कमी केली, खड्यांचे भाग तसेच ठेवून राइनोतल्या फ्लो-अलाँग-सरफेस आज्ञेने नव्या पट्टीवर बसवले. करताना रिजिड पर्याय चालू हवा, नाहीतर गोल खोबण्या लंबगोल होतात.

५ ऑगस्ट

कुड्या. मध्ये एक मोती, भोवती सहा, सगळे ४ मिमीचे. सारख्या मापाची सहा वर्तुळं एकाभोवती नेमकी बसतात, पण खरे मोती नेमके नसतात. केंद्रातलं अंतर ४.०० ऐवजी ४.०५ ठेवलं.

एकाने ५ मिमी मोत्यांची जोडीही मागितली. इथे फाइल सरळ १.२५ पट करण्याचा सोपा मार्ग टाळायचा. तसं केलं तर ०.८ ची दांडी १.० ची होते आणि मोत्याच्या भोकात जात नाही. केंद्रं नव्याने मांडायची, दांड्या त्याच ठेवायच्या. खरं तर दांड्या कास्टच करू नयेत. बारीक दांडीत धातू पोचण्याआधी गोठतो, पोचला तरी ठिसूळ निघतो. मॉडेलमध्ये ०.८ मिमीची खूण-भोकं ठेवली. ओढलेली तार तिथे डाख देऊन बसवली. फिरकीचंही तेच. आटे कास्टिंगमध्ये कधी नीट येत नाहीत, आटे पाडलेली तार मागून डाखायची.

१३ ऑगस्ट

शेवंतीचं फूल आर्टकॅममध्ये रिलीफ (पिक्सेलांच्या उंचीवरून केलेला उठाव) म्हणून केलेलं. ४० मिमी रुंदीत ५०० पिक्सेल, म्हणजे ०.०८ मिमीची एक पायरी. पाकळीच्या उतारावर ती डोळ्याला दिसते. रिझोल्यूशन वाढवून नवा तपशील येत नाही, पायऱ्या फक्त गुळगुळीत होतात आणि पाकळीची धार जाते.

त्याहून मोठी अडचण वजनाची. ४० मिमी फुलाचं क्षेत्रफळ १२५७ चौ. मिमी, पाकळ्या चढउताराच्या म्हणून १.३ पट. ०.७ मिमी जाडीने कास्ट केलं तर २०.२ ग्रॅम. अंबाड्यात एवढं ओझं राहत नाही, पिन खाली घसरते. ०.२५ मिमी पत्र्यात तेच फूल ७.२ ग्रॅम. जुने कारागीर हे फूल पत्रा ठोकून करायचे ते उगाच नाही. कास्टिंगचा विचार सोडला.

फाइल मात्र कामाला आली. रिलीफ राइनोत पार्श्वभूमीला ठेवून पाकळ्यांच्या थरांच्या बाह्यरेषा वक्रांनी ओढल्या, प्रत्येक थराचा सपाट आराखडा डीएक्सएफमध्ये (रेषांच्या फाइलमध्ये) काढला. ठोकल्यावर पत्रा ताणला जातो, म्हणून आराखडा फुलापेक्षा थोडा लहान कापून एका थरावर आधी तांब्यात पाहिलं. पाकळीच्या शिरेसाठी पितळेचा साचा सीएनसीवर कोरायला दिला.

२० ऑगस्ट

२२ कॅरेटचं कडं ओतलं, खडे बसले, हॉलमार्कला गेलं. जिलईनंतर आतला व्यास ६०.४.

उरलेल्या जेसीडींपैकी खडे असलेल्या फायली आधी घेतल्या आहेत, त्यांचा गुणक ठरवता येतो. बिनखड्यांच्या फायलींच्या नावात शेवटी प्रश्नचिन्हाऐवजी क्यू घालून वेगळ्या ठेवल्या (एक्सपी नावात प्रश्नचिन्ह घेत नाही). त्यांच्यासाठी कपाटातले जुने रबर मोल्ड शोधायचे: मोल्डमधून निघालेलं मेण आणि फाइलमधलं माप यांचा भागाकार केला की रबराचा आणि मेणाचा वाटा कळतो. त्यात धातूचे दोन वाटे, मास्टर ओततानाचा आणि नग ओततानाचा, मिळवायचे. डोंगल तोपर्यंत सिलिका जेलच्या डब्यात, संगणकाला न जोडता.